औषध लागू पडते ते वेळेवर

एप्रिल २०२१ मध्ये रत्नागिरीसह साऱ्या महाराष्ट्रात नातेवाईक कोविडवरच्या रेमडेसिव्हिरची चिठ्ठी घेऊन दुकाने पालथी घालत होते. ११ एप्रिलला केंद्राने निर्यात थांबवली, तरी काळाबाजार थांबला नाही. खरे तर या औषधाने रुग्णालयातल्या रुग्णांचे मृत्यू टळतात असा पुरेसा पुरावा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते. मग औषध कुचकामी होते का? तसेही नाही. पुढे धोका जास्त असलेल्या, पण अजून घरीच असलेल्या रुग्णांना ते लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत दिले, तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटले. औषध तेच होते, फरक दिवसांचा होता.

या फरकाचे कारण विषाणूच्या राहणीत आहे. जिवाणूला स्वतःची पेशी असते, म्हणून प्रतिजैविक तिच्या भिंतीवर घाव घालू शकते. विषाणू मात्र आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, त्यामुळे औषधाला ही नक्कल अडवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. नागिणीवरचे असायक्लोव्हिर पाहा. ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहते. बाधित पेशीत विषाणूचेच एक विकर त्याला जागे करते, मग ते नव्या डीएनएच्या साखळीत खोटी कडी म्हणून बसते आणि साखळीची वाढ तिथेच थांबते. पण प्रती काढून झाल्या असतील, तर अडवायचे काय? म्हणून पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या, तर फोड लवकर सुकतात आणि वेदना लवकर ओसरतात. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, या भीतीपोटी मंत्र आणि लेप यांत गेलेले पहिले तीन दिवस म्हणूनच महाग पडतात. हे पुरळ बहुधा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात राहते. तोंडे जुळण्याचा आणि मरणाचा काही संबंध नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ताप आला की लगेच प्रत्येकाला गोळी का देऊ नये? कारण भातलावणीच्या दिवसांतला कोकणातला ताप एका जातीचा नसतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्यावर विषाणूविरोधी औषधच नाही. लेप्टो जिवाणूचा आजार आहे, त्याला प्रतिजैविक लागते. हिवतापाचे औषध आणखी वेगळे. फ्लूवरचे ऑसेल्टामिविरसुद्धा धडधाकट माणसाचे दुखणे जेमतेम एका दिवसाने कमी करते, वर मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. गर्भवती, वृद्ध, मधुमेही किंवा दम्याचे रुग्ण यांची गोष्ट निराळी. फ्लूचा संशय असेल तर त्यांच्यासाठी तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ते शक्यतो ४८ तासांत सुरू करावे लागते.

एचआयव्हीची औषधे तर आयुष्यभर चालतात, मग वेळेचा हा नियम कुठे राहिला, असाही प्रश्न येईल. एचआयव्हीत औषध विषाणूची नक्कल दाबून ठेवते, पण तो पेशींत दडून राहतो आणि औषध थांबले की पुन्हा वाढू लागतो, म्हणून औषध थांबत नाही. सरकारी एआरटी केंद्रांतून ते मोफत मिळते. हिपॅटायटिस सी मात्र बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. विषाणू जोवर वाढू शकतो तोवर औषधाला काम आहे, हे सूत्र सगळीकडे तेच. तेव्हा डॉक्टरांकडे अमुक इंजेक्शनचा आग्रह धरू नका. लवकर जा, आणि तापाचा किंवा पुरळाचा आज कितवा दिवस आहे, हे आधी सांगा.