आयत्या वेळी सुचते कसे?

भाषण पाठ असते. घरी दहा वेळा म्हणून झालेले असते. तरीही व्यासपीठावर उभे राहिल्यावर तिसऱ्या वाक्यानंतर चौथे काही केल्या येत नाही. तळहातांना घाम फुटतो, छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते. आपली फजिती सगळ्या सभागृहाला स्पष्ट दिसते आहे असे वाटू लागते. सभाधीटपणा काहींना जन्मतःच असतो, काहींना नसतो, असे म्हणून आपण हा प्रश्न सोडून देतो.

पण मित्रांनो, जगात असे नट आहेत, की ज्यांच्या हाती नाटकाची एक ओळही नसते. प्रेक्षकांतून कोणी तरी एक शब्द सुचवतो आणि तेवढ्यावर ते नाटक उभे करतात. या प्रकाराला इम्प्रोव्ह, म्हणजे उत्स्फूर्त नाट्य म्हणतात. यातले बरेचसे नट तुमच्याआमच्यासारखेच घाबरट असतात. मग त्यांना सुचते कसे?

आधी भीतीचे पाहू. संकट दिसताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होते. वाघ समोर आला असता तर ही तयारी उपयोगी पडली असती! पण खरे नुकसान होते ते दुसरीकडे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. ‘मी कसा दिसतो? आवाज कापतोय का?’ या विचारांनीच ती जागा भरली, की चौथ्या वाक्याला जागा उरत नाही.

आणि ही काळजी बरीचशी अनाठायी असते. 2000 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच व सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे. किती जणांनी चित्र ओळखले असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात ते सुमारे चौथा हिस्सा लोकांनीच ओळखले होते. लोक आपल्याकडे पाहतात, पण आपण समजतो तेवढे नव्हे.

मात्र ‘स्वतःचा विचार करू नकोस’ असे सांगून तो थांबत नाही. लक्षाला दुसरे काम द्यावे लागते. हे ओळखणारी बाई म्हणजे शिकागोची व्हायोला स्पोलिन (1906–1994). तेथील ‘हल हाउस’ या सेवाभावी संस्थेत नेवा बॉइड यांच्याकडे ती मुलांचे खेळ शिकली. पुढे मंदीच्या काळातील सरकारी योजनेत तिने गरीब व परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांची नाटके बसवली. ‘असा अभिनय कर’ असे सांगितले की मुले ताठरत. म्हणून तिने खेळ रचले. चेंडू नसताना चेंडू खेळायचा, पण त्याचा आकार आणि वजन कायम ठेवायचे. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने दुसऱ्याचा आरसा व्हायचे. चेंडूच्या वजनाकडे लक्ष गुंतले, की लाजायला सवडच राहत नाही! तिचे पुस्तक 1963 साली निघाले. तिचा मुलगा पॉल सिल्स हा शिकागोच्या प्रसिद्ध ‘सेकंड सिटी’ (1959) नाट्यगृहाच्या संस्थापकांपैकी एक.

या नटांचा मुख्य नियम दोन शब्दांचा आहे: ‘हो, आणि’. समजा, एकाने म्हटले, “काकू, ही म्हैस दुसऱ्या मजल्यावर कशी आली?” दुसरा म्हणाला, “कुठे आहे म्हैस?” संपले नाटक. पण त्याने उत्तर दिले, “कालच आली हो. आता गॅलरीतून रस्ता बघायची सवय लागलीय, उतरतच नाही!” तर पहिल्याला पुढचे वाक्य आपोआप मिळते. म्हणजे सुचण्याचे ओझे एकट्यावर राहत नाही. समोरच्याचे नीट ऐकले की निम्मे काम झाले. (हे ‘हो’ खेळातल्या काल्पनिक म्हशीपुरतेच. प्रत्यक्षात नको त्या गोष्टीला ‘नाही’च म्हणायचे.)

इंग्रज नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन आपल्या ‘इम्प्रो’ (1979) या पुस्तकात आणखी पुढे जातो. तो म्हणतो, चतुर बोलायला जाऊ नका. जे सहज सुचेल तेच बोला. मनातला परीक्षक आधी बाजूला बसवायचा, हा त्यातला मुद्दा. मेंदूतही असे काही घडते का? 2008 साली लिम्ब आणि ब्राउन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात वाजवायला लावले. पाठ केलेली धून वाजवताना जेवढी होती, त्यापेक्षा आयत्या वेळी सुचलेली वाजवताना कपाळामागच्या, स्वतःवर देखरेख ठेवणाऱ्या भागातील हालचाल कमी झाली होती. अर्थात वादक फक्त सहा, आणि तेही नट नव्हेत, हे विसरू नये.

आपल्याकडे तमाशातील बतावणी आणि कोकणातील दशावतार यांची चाल हीच आहे. दशावतारी नटाला कथा तेवढी माहीत असते. संवाद तो उभ्या उभ्या रचतो.

पण लाजाळू विद्यार्थ्याला याचा फायदा होतो का? डेट्रॉइटमधील 268 शालेय विद्यार्थ्यांनी दहा आठवडे असे खेळ खेळल्यावर, ज्यांना आरंभी चारचौघांत मिसळण्याची भीती होती त्यांची भीती कमी झालेली आढळली (2019). मात्र येथे न खेळणारा तुलनेचा गट नव्हता. दहा आठवड्यांत ती एरवीही कमी झाली नसती कशावरून? 2020 सालच्या प्रयोगात ही उणीव भरून काढली होती. एका गटाने उत्स्फूर्त खेळ खेळले, दुसऱ्याने तशीच कामे लिहिलेले संवाद वाचून केली. वीस मिनिटांनंतर पहिल्या गटाची नवनव्या कल्पना सुचण्याची आणि अनिश्चितता सोसण्याची तयारी अधिक दिसली. हा परिणाम किती दिवस टिकतो, ते वीस मिनिटांच्या प्रयोगावरून कळणार नाही.

वर्गात करून पाहायला सोपा खेळ असा: सहा जणांनी गोल बसावे आणि प्रत्येकाने एकच शब्द बोलत गोष्ट सांगावी. ‘काल’, ‘आमच्या’, ‘मुख्याध्यापकांना’, ‘एक’... शब्द आधी ठरवून ठेवला, की हमखास चुकतो, कारण शेजारी भलताच शब्द बोलतो. शिक्षकांनी गुण देऊ नयेत आणि कोणाला बळेच बसवू नये. जो अडेल त्याने दोन्ही हात वर करून “पुन्हा!” असे ओरडावे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि गोष्ट नव्याने सुरू करावी.