तपासणी बाईच्या दारी आली पाहिजे

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपल्या बायकांच्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हा वेळीच तपासणी झाली तर टाळता येणारा आजार आहे. तरीही २०२२ या एकाच वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले.

आम्ही वस्तीतल्या आरोग्य शिबिरांत टेबलावर बसून नावे लिहिण्याचे काम करीत आलो आहोत. रक्तदाब, साखर, डोळे यांसाठी रांग लागते. ‘आतली तपासणी’ म्हटले की रांग विरळ होते. कुणी म्हणते पाळी आली, कुणी म्हणते घरी विचारून येते, आणि ती परत येत नाही. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईला दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाचा खाडा. पडदा असेल की नाही, आत पुरुष डॉक्टर असेल काय, बाहेर ओळखीचे कुणी बसले असेल काय, ही धास्ती वेगळीच. बाई आजाराला भीत नाही असे नव्हे. ती टेबलावर आडवे होण्याला जास्त भिते.

यावर आता एक उपाय निघाला आहे. हा कॅन्सर बहुतेक सर्व वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो विषाणू अंगात आहे काय, हे प्रयोगशाळेत कळते आणि त्यासाठी लागणारा नमुना बाईला स्वतःच, घरी घेता येतो. हात धुवावेत, उकिडवे बसावे किंवा एक पाय पाटावर ठेवून उभे राहावे, मऊ टोकाची काडी योनीमार्गात दोनेक इंच आत घालून सांगितल्याप्रमाणे फिरवावी आणि नळीत बंद करून द्यावी. पाळीच्या दिवसांत नमुना घेऊ नये. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. योग्य पद्धतीची चाचणी वापरली तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या शिफारशींत तो ग्राह्य धरला आहे.

याचा ताळा अर्जेंटिना देशात पाहावयास मिळाला. त्या देशाच्या वायव्येला हुहुय नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे आपल्या आशाताईंसारखे घरोघर फिरणारे आरोग्य कार्यकर्ते आहेत. २०१२ मध्ये त्यांतील काहींनी ३० वर्षांवरील स्त्रियांना घरीच काडी देऊ केली. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे ‘दवाखान्यात जा’ असा सल्ला दिला. सहा महिन्यांनी हिशेब झाला. काडी देऊ केलेल्या ३०४९ स्त्रियांपैकी २६१८ जणींची तपासणी झाली. नुसता सल्ला मिळालेल्या २९६४ पैकी फक्त ५९९ जणींची झाली. शंभरात ८६ कोठे आणि २० कोठे! बायका त्याच प्रांतातल्या, आजारही तोच. फरक एवढाच, की तपासणी बाईच्या दारी गेली.

मात्र येथे एक गोष्ट घरातल्या पुरुषांनीही ध्यानात घ्यावी. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात तो टिकून राहतो आणि त्यातून कॅन्सर व्हायला साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे, परंतु तो पुरुषांच्याही अंगात असतो व वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. म्हणून कागद पाहून बायकोच्या चारित्र्यावर संशय घेणे हा शुद्ध अन्याय आहे.

विषाणू सापडलेल्या बाईने पुढच्या तपासणीला जावयासच हवे, नाहीतर नमुना दिल्याचा उपयोग शून्य. कॅन्सरच्या आधीचा बिघड असेल तर बहुधा तो भाग थंडाव्याने किंवा उष्णतेने थोड्या वेळात नष्ट करता येतो; पिशवी काढावी लागत नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचे बीड जिल्ह्यातील प्रकरण २०१९ मध्ये गाजले होते. तेव्हा कुणी पिशवी काढण्याची घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्यावे.

एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात, हे जगाला आपल्याच धाराशिव जिल्ह्याने दाखवून दिले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत ही तपासणी एकदा झाली, तेथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे झाले. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नमुने आरोग्य सेविकांनी घेतले होते. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येक स्त्रीला स्वतः नमुना घेण्याची मुभा आहे. मग ज्या बायकांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांनी किती काळ वाट पाहावी? आशाताईंच्या पिशवीतून ही काडी घरोघर पोहोचावी, आणि विषाणू सापडलेल्या प्रत्येकीला उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, ही मागणी महिला मंडळांनी ठरावाने करावी.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी सौम्य ॲसिड लावून बघण्याची तपासणी आहे. तिला दहाजणींनी मिळून जावे, बाई डॉक्टर किंवा नर्सबाई असलेला वार आधी विचारून घ्यावा. त्या दिवशी पोरे नवऱ्याने सांभाळावीत. आणि संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून घाण वासाचे जाणे, यांपैकी काहीही असेल तर काडीची किंवा शिबिराची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.