वाद्ये दानातून, शिक्षक कोठून?

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आदळले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय श्रमिकांच्या वस्तीत राहणारे वृद्ध गायक व पियानोवादक फॅट्स डॉमिनो त्या प्रलयात बेपत्ता झाले. ते दगावले अशा समजुतीने कोणी तरी त्यांच्या घरावर श्रद्धांजलीही रंगवली. वस्तुतः त्यांची सुटका झाली होती. मात्र घराची, पियानोंची आणि आयुष्यभराच्या मानचिन्हांची पाण्याने धूळधाण केली.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, त्यांच्या गौरवार्थ ‘गोइंग होम’ हा ३० गीतांचा ध्वनिमुद्रिकासंच निघाला. पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, नील यंग, बी. बी. किंग, पं. रविशंकर यांच्या कन्या नोरा जोन्स अशा नामवंतांनी डॉमिनोंची गाणी आपापल्या ढंगात गायिली. हा संच टिपिटिनाज फाउंडेशन या स्थानिक संस्थेच्या मदतीसाठी होता आणि शहरातील शाळकरी मुलांना वाद्ये पुरविणे हे त्या संस्थेचे एक प्रमुख कार्य होते.

या घटनेत इतिहासाने केलेली एक परतफेड दडलेली आहे. १९५५ मध्ये डॉमिनोंचे ‘एन्ट दॅट अ शेम’ हे गीत गाजू लागताच पॅट बून या गौरवर्णीय गायकाने तेच गाऊन लोकप्रियतेच्या यादीत पहिले स्थान पटकावले. मूळ गायक त्या यादीत मागेच राहिला. २००७ मध्ये पुन्हा इतरांनीच त्यांची गाणी गायिली, पण या वेळी लाभाचा ओघ त्यांच्याच शहरातील मुलांकडे वळला.

वाद्य ही चैनीची वस्तू नव्हे काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचे उत्तर नकारार्थी आहे. तेथे मिरवणुका, विवाह, अंत्ययात्रा यांतून बँडपथके वाजतात आणि त्यांत वाजविणाऱ्यांपैकी कितीतरी जण शाळेच्या पथकातच घडतात. म्हणजे शाळेतील ट्रंपेट हे अर्थशास्त्राच्या भाषेत भांडवल होय. लुई आर्मस्ट्राँग यांना १९१३ मध्ये याच शहरातील मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले आणि तेथील पथकात त्यांना कॉर्नेटचे पद्धतशीर शिक्षण मिळाले. त्या गरीब मुलाच्या हाती वाद्य पडले, याचे फळ पुढे साऱ्या जगाने चाखले.

परंतु त्या सुधारगृहात वाद्याबरोबर पीटर डेव्हिस नावाचा शिक्षकही होता, हे विसरून चालणार नाही. नेमका येथेच दानाच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्समधील बहुसंख्य सार्वजनिक शाळा राज्य सरकारने ताब्यात घेतल्या आणि शाळा-मंडळाच्या ७,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. त्यांत शिक्षकांची संख्या फार मोठी होती. एकीकडे जगभरचे रसिक मुलांच्या वाद्यांसाठी पैसे मोजत होते आणि दुसरीकडे त्याच मुलांना शिकविणारी माणसे वेतनपटावरून उतरविली जात होती. वाद्याचा खर्च एकदाच करावा लागतो; शिक्षकाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. ध्वनिमुद्रिकेचा खप पहिल्या लाटेनंतर ओसरतो, शाळेत मात्र दर वर्षी मुलांची नवी तुकडी येते.

म्हणून अशा उपक्रमांना नाके मुरडण्याचे कारण नाही. संकटकाळी शासनयंत्रणा जेथे पोहोचत नाही, तेथे रसिकाच्या खिशातील चार पैसे पोहोचतात आणि कलावंताच्या ऋणाची जाणीवही जागी राहते. डॉमिनो २०१७ मध्ये निवर्तले; त्यांची गाणी उरली आहेत. मात्र कृतज्ञ रसिकांनी शाळेच्या दारापर्यंत वाद्य आणून द्यावे, आणि दारापलीकडे ते शिकविणारा गुरू समाजाने सार्वजनिक तिजोरीतून नेमावा, अशी ही श्रमविभागणी आहे. यातील दुसरा वाटा पहिल्याच्या माथी मारला गेला, तर उत्तम वाद्येही शाळेच्या कपाटात मुकी पडून राहतील.