घंटा हाताशी आहे का?

इंग्लंडमध्ये वृद्धांची आणि अपंग प्रौढांची देखभाल ही स्थानिक कौन्सिलची जबाबदारी. उपचार मोफत असले तरी ही सेवा मोफत नाही. २३,२५० पौंडांहून अधिक मत्ता असलेल्याला साधारणपणे सगळा खर्च स्वतःच सोसावा लागतो. मग सेवा कशी असावी, हे त्याला विचारायलाच हवे.

आरोग्यसेवेबद्दल लोकांचे म्हणणे मांडणाऱ्या नागरिकांच्या परिषदा १९७४ पासून होत्या. २००८ मधल्या ‘लिंक’ नावाच्या नागरिक गटांनी देखभालसेवाही कक्षेत घेतली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्या जागी ‘हेल्थवॉच’ आले.

त्याचे सर्वांत मोलाचे हत्यार म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या देखभालगृहात आत जाऊन पाहण्याचा हक्क. प्रशिक्षित स्वयंसेवक, बहुधा त्याच भागातले, तिथे जातात. पलंगाजवळची घंटा आजींच्या हाताला लागते का? पाण्याचा पेला पोचेल असा ठेवलाय का? दुपारभर माणसे नुसती टीव्हीसमोर बसवून ठेवलीत का? कागदोपत्री तपासणीत हे सहज निसटते. खासगी खोलीत मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही. दंड करणे किंवा टाळे ठोकणे त्यांच्या हाती नाही, ते काम केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेचे. पण हेल्थवॉचच्या शिफारशींवर कामकाजाच्या २० दिवसांत उत्तर देणे सेवा चालवणाऱ्यांना बंधनकारक आहे.

२०२५ मध्ये सरकारने हेल्थवॉच गुंडाळण्याचे जाहीर केले. देखभालसेवेबद्दल लोकांचे म्हणणे ऐकण्याचे काम त्यानुसार कौन्सिलकडेच जाईल. जिच्या कारभाराबद्दल बोलायचे, तिच्याच दारात जाऊन बोलायचे, ही व्यवस्था चिंतेची आहे.