आधी घर, मग चाल

बुद्धिबळाच्या पुस्तकांत ज्या चालीपुढे दोन उद्गारचिन्हे छापलेली असतात, त्यात बहुधा वजिराचा बळी तरी असतो नाहीतर राजावर धडक हल्ला. लक्षात राहतात त्याही अशाच चाली. पण गेल्या शंभर वर्षांत ग्रँडमास्टरांच्या खेळाला वळण लावले ते दुसऱ्याच जातीच्या चालींनी. त्यातून पदरात लगेच काही पडत नाही, आणि पहिल्या नजरेला चाल कशासाठी खेळली तेही उमगत नाही.

१९२३, कोपनहेगन. झेमिशविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या निम्झोविचने पंचविसाव्या चालीला एच-प्यादे एक घर पुढे सरकवले. बस्स, एवढेच. पट अजून मोहऱ्यांनी भरलेला होता, तरी झेमिशने तिथेच डाव सोडला, कारण काहीही हलवले तरी नुकसानच होते. प्रतिस्पर्ध्याला हवी असलेली घरे त्याच्या आधी ओळखायची आणि बंद करायची, हे निम्झोविचचे सूत्र. पुढे ‘माय सिस्टिम’मधून ते जगभर गेले.

तिबिलिसीत वाढलेल्या पेट्रोस्यानने निम्झोविच लहानपणीच पचवला होता. १९५३च्या झ्युरिक कँडिडेट्स स्पर्धेत रेशेव्हस्कीविरुद्ध तो चांगलाच अडचणीत होता. डी-४ आणि ई-५ वर पांढऱ्याची दोन प्यादी शेजारी-शेजारी उभी, मागे दोन हत्ती ई-पट्टीवर सज्ज. ही प्यादी पुढे सरकली की काळ्याचा खेळ खलास. त्यांना रोखायला डी-५ वर घोडा हवा. त्या घरावरून त्याला हुसकावू शकेल असे एकही पांढरे प्यादे नव्हते. घोडा सी-६ वर होता आणि त्याची वाट ई-७ वरून जात होती, पण तिथे स्वतःचाच हत्ती बसलेला. पेट्रोस्यानने तो हत्ती ई-६ वर नेला, थेट पांढऱ्या उंटाच्या तोंडी. घोडा ई-७ वर आला, उंटाने हत्ती घेतला आणि पुढच्याच चालीला घोडा डी-५ वर जाऊन बसला. पांढऱ्याकडे उंटाच्या बदल्यात मिळालेला हत्ती होता, पण त्याला मोकळी वाट उरली नव्हती. दोनच चालींनी रेशेव्हस्कीने हत्ती देऊन उंट घेतला, आणि डाव बरोबरीत सुटला.

हाच पेट्रोस्यान १९७१ साली ब्युनोस आयर्सला फिशरच्या तावडीत सापडला. सामन्याच्या सातव्या डावात फिशरचा सी-५ वरचा घोडा पटावरचे सर्वांत देखणे मोहरे होते. फिशरने तोच घोडा डी-७ वरच्या कोंदट उंटावर खर्ची घातला. पेट्रोस्यानचा सगळा बचाव त्या मरगळलेल्या उंटावर टेकलेला होता. शिवाय घोडा हलल्याने सी-पट्टी मोकळी झाली. दोन चालींत फिशरचा हत्ती सी-७ वर पोहोचला आणि ३४ चालींत डाव संपला.

१९७४च्या नीस ऑलिंपियाडमध्ये कार्पोव्हने उंझिकरविरुद्ध चोविसाव्या चालीला आपला उंट ए-७ वर नेऊन ठेवला, म्हणजे ज्या पट्टीसाठी झगडा चालला होता, तिच्या ऐन मध्येच बूच मारले. आता काळ्याला हत्ती मारून हत्ती देता येईना. उंटाच्या आडोशाने पांढऱ्याचे दोन्ही हत्ती एकामागे एक उभे राहिले. उंट कधी बाजूला होईल या धास्तीने काळी मोहरी तिकडेच अडकून पडली आणि कार्पोव्हने निवांतपणे राजाच्या बाजूने हल्ला रचला. ४४ चालींत उंझिकर शरण आला. उंट तोवर ए-७ वरून हललाच नाही. ती पट्टी उघडायची वेळच आली नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझिरो या संगणक-प्रणालीने स्टॉकफिश या दुसऱ्या बुद्धिबळ-प्रणालीविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, एकही हरला नाही, तेव्हा लोक थक्क झाले ते त्याच्या शैलीने. प्यादी देऊन समोरच्याची मोहरी दीर्घकाळ कोंडून ठेवणे यंत्राला नव्याने सापडले होते. पेट्रोस्यान आणि कार्पोव्हचे डाव घोकणाऱ्यांना ते ओळखीचे वाटले असणार.

आज संगणक एका क्षणात उत्तम चाल दाखवतो, पण तिच्यापर्यंत कसे पोहोचायचे ते दाखवत नाही. जुने डाव त्यासाठी उघडावेत. डाव मध्यावर आला की पुढची चाल हाताने झाकावी. काय मारता येईल हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, आपले कोणते मोहरे कुठे असायला हवे आणि तिथली वाट कोणी अडवली आहे, एवढेच विचारावे. पेट्रोस्यानच्या डावात ती वाट त्याच्याच हत्तीने अडवली होती, आणि बरेचदा असेच असते.