कापूस, कापूर आणि सावेदादा

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या की जाता-येता मूठभर कापूस उचलून दाबून पाहायची आपल्याकडे सगळ्यांनाच सवय. धागा किती लांब, ओल किती, सरकी किती. ज्याचं स्वतःचं एकरभर वावर नाही तोही दाबून पाहतो. या मुठीतल्या वस्तूपासून सिनेमाची फीत होत असे, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवसापासून पऱ्हाटीच्या शेताकडे मी वेगळ्याच नजरेनं पाहतो.

कृती अशी. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की त्याचं नायट्रेट होतं. ही क्रिया फार पुढं नेली तर तोफेत भरायचा स्फोटक कापूस तयार होतो. अलीकडेच थांबवली आणि कापूर मिसळला, तर वाकणारं, पारदर्शक सेल्युलॉइड मिळतं. कापूस आणि कापूर! आपल्या देवघरात एकाची वात होते, दुसऱ्याची आरती. त्याच जोडीची पट्टी करून, तिच्यावर जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढलेल्या जिलेटिनचा थर द्यायचा, त्या थरात चांदीचे क्षार. प्रकाश पडला त्या जागी, फीत धुताना, चांदी काळी होते आणि चित्र उमटतं. सिनेमाची पहिली पन्नासेक वर्षं याच फितीवर गेली.

ही फीत हातात घेऊन आपल्या माणसांकडे कॅमेरा वळवणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक मराठी होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोकांचे सावेदादा. जन्म १८६८चा, धंदा मुंबईत फोटोग्राफीचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं हलती चित्रं दाखवली, तिकीट १ रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे ४ आण्यांपासून जागा होत्या आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय. हे खेळ पाहणाऱ्यांत सावेदादा होते. (त्याच वर्षी आपल्या अमरावतीत केशवराव भोळे जन्मले. हे नाव ध्यानात असू द्या.)

पाहून थक्क होणारे पुष्कळ असतील. या माणसानं लंडनहून २१ गिनींचा रायली कॅमेरा मागवला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. पौंडाला १५ रुपये धरले तर ही रक्कम ३३० रुपयांच्या घरात जाते. फोटोचा दुकानदार एवढे पैसे अशा वस्तूत घालतो, जिच्यातून कमाई कशी करायची हे देशात अजून कोणालाच ठाऊक नाही, याला मी नुसता शौक म्हणणार नाही.

मधल्या काळात, डिसेंबर १८९७मध्ये, अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. हा सोहळा चालताबोलता नाही तरी निदान चालता टिपला गेला असता तर, असा विचार माझ्या मनातून काही जात नाही.

मग आला नोव्हेंबर १८९९. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लागली आणि सावेदादांनी कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला सुरुवात केली. भारतीय माणसानं घेतलेलं पहिलं चलचित्र सहसा यालाच म्हणतात.

कुस्तीच का? मला वाटतं, कलेइतकंच याचं उत्तर त्या यंत्रात आहे. कॅमेऱ्यातली फीत सलग धावत नाही. आतला आकडा तिच्या काठच्या भोकात अडकतो, तिला एका चित्राएवढी खाली ओढतो, सोडतो. ती क्षणभर स्तब्ध राहते, तेवढ्यात पडदी उघडून प्रकाश आत येतो, पडदी मिटते, पुन्हा ओढ. शिवणयंत्राखाली कापड जसं टाक्याटाक्यानं सरकतं तसं. हे सेकंदाला १६ वेळा. यंत्राला मोटार नाही, तेव्हा १६चा ताल माणसाच्या मनगटात हवा. हात ढिला पडला की पडद्यावर पैलवान वेड्यासारखे धावणार, हात तापला की पेंगणार. फीत मावायची जेमतेम पाऊण-एक मिनिटाची, म्हणजे सातआठशे चित्रं. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्रण चालू असताना आत काय उमटतंय ते दिसतही नसे. कॅमेरा तिवईवर खिळलेला. मग असा विषय हवा, जो सतत हलतो पण जागा सोडत नाही. आखाड्याच्या कडेला उभं राहून पाहा, कुस्तीइतका नेमका विषय दुसरा सापडायचा नाही.

उजेडाचीही गोष्ट आहे. त्या फितीला निळा प्रकाश तेवढा नीट कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरंफेक यायचं आणि आखाड्याची तांबडी माती काळीभोर. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मातीत उतरलेले पैलवान त्या फितीवर काळ्या डोहात झुंजताना दिसले असते. (मंडळ १९१४चं. त्याची मुलं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आली.) अशा मंद फितीला भर उन्हाशिवाय पर्याय नव्हता. १८९९च्या त्या वर्षी पावसानं दगा दिल्यामुळे वऱ्हाड दुष्काळात होरपळत होतं, हेही त्या उन्हाबरोबर आठवतं.

चित्रण झालं, पण ते पाहणार कसं? फीत धुण्याची सोय इथे नव्हती. डबा बोटीनं लंडनला गेला. आपण घेतलं ते उमटलं की नाही, हे सावेदादांना फीत परत येईपर्यंत कळणार नव्हतं. ते गप्प बसले नाहीत. प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी चित्रांचे उघड्यावर खेळ लावू लागले.

पुढं त्यांनी माकडांना शिकवणारा मदारी टिपला. आणि डिसेंबर १९०१मध्ये एक असं दृश्य, ज्याला देशातलं पहिलं वार्ताचित्र म्हणतात. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा रघुनाथ परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन सीनियर रँग्लर झाला होता. तो परतला तेव्हा चौपाटीवर त्याचं स्वागत झालं आणि सावेदादांचा कॅमेरा तिथे होता. राजा नाही, लाट नाही, रेल्वे नाही, गणितात पहिला आलेला एक तरुण! काय टिपावं याचा हा कौल मला कुस्तीपेक्षाही मोठा वाटतो.

या रँग्लरांची कन्या शकुंतलाबाई ३६ वर्षांनी ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये पडद्यावर आल्या. छायालेखक होते व्ही. अवधूत. चित्रपटात पार्श्वसंगीताचे थर न देता प्रसंगातलेच आवाज वापरले होते. आणि संगीत दिलं होतं अमरावतीत जन्मलेल्या त्या केशवराव भोळ्यांनी.

१९०३च्या जानेवारीत सावेदादांनी दिल्ली दरबार टिपला. तिथे हत्तीवरून मिरवणारा लॉर्ड कर्झन आपल्याला परका नाही. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९०२मध्ये, त्यानं निजामाकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर आपलं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं होतं. दरबाराला निजाम महबूब अली खानही हजर होते. आपलं भवितव्य ठरवणारे दोघे जिथे होते तिथे एक मराठी माणूस दांडा फिरवत होता.

ही चित्रं आज पाहायला मिळत नाहीत. नायट्रेटची फीत पडल्या पडल्या कुजते. आधी वास सुटतो, मग चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी उरते. पेटली तर पाण्याखालीही जळते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या नायट्रेट फिती अशाच आगीत गेल्या.

सावेदादा १९५८मध्ये वारले. त्याच्या सातेक वर्षं आधी कोडॅकनं नायट्रेटची फीत बनवणं थांबवलं होतं. तिच्या जागी ॲसिटेटची आली, जी भडकत नाही. तीही सेल्युलोजचीच. सरकीला चिकटून राहिलेली जी आखूड तूस आपण झटकून टाकतो, तिच्यातून सेल्युलोज काढता येतं.