विहिरीतला खडक अंधेरीत उभा

दवाखान्याच्या नाहीतर लग्नाच्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांचे मुंबईला जाणे होते. राणीची बाग आणि चौपाटी पाहून मंडळी परततात. पुढच्या खेपेस अंधेरीला पश्चिमेकडे उतरून गिल्बर्ट हिल जरूर पाहा. काचेची कपाटे नाहीत की पाट्या नाहीत, पण धरणीच्या पोटातले असे प्रदर्शन शहरात दुसरे नसावे.

सुमारे २०० फूट उंचीचा हा काळा कडा. खडकातल्या पायऱ्या चढून गेले की माथ्यावर गावदेवीचे देऊळ लागते. चढण्याआधी खालून कडा नीट न्याहाळावा. उसाची मोळी उभी करून ठेवावी, तसे दगडाचे खांब एकमेकांना चिकटून उभे दिसतात.

हे कोणा कारागिराचे काम नव्हे. सहा कोटी वर्षांहून अधिक काळ झाला. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, निवताना आकसला आणि तडकला. वैशाखात आपले काळे रान भेगाळते, पाच-सहा कोनांची ढेकळे सुटी होतात, तोच हा प्रकार. इथे भेगा खोलवर गेल्या, इतकेच. अमेरिकेत वायोमिंग राज्यात असाच एक डोंगर आहे. त्याला १९०६ सालीच राष्ट्रीय स्मारक केले. आपल्याकडे आधी खाणवाल्यांचे सुरुंग पोचले. आजूबाजूचा खडक खडी होऊन गेला आणि उरल्या सुळक्याला इमारतींनी वेढले. महापालिकेच्या वारसा यादीत त्याचे नाव आले ते २००७ साली. उशीरच म्हणायचा!

पोरे विचारतील, यात प्राण्यांची हाडे सापडतात का? या खडकात नाहीत. उकळत्या रसात काय टिकणार? पण दोन लोटांच्या मधे हजारो वर्षे शांततेची जात. तळी साचत, गाळ बसे. मुंबईतच वरळीला अशा गाळाच्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे दगड झालेले मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले.

तुमच्या विहिरीतही ही पाने उलगडतात. मुरूम, मग काळा पाषाण, मधेच तांबड्या मातीचा पट्टा, खाली पुन्हा पाषाण. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात वर उघडी पडून झिजलेली जमीन. खडकातल्या पोकळ्यांत कधी पांढरे, हिरवट, काचेसारखे खडे चमकतात. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. तिथे असेच खडे कपाटांत मांडून ठेवलेले पाहायला मिळतात.

तेव्हा विहिरीत असे काही दिसले, तर सुरुंग भरण्याआधी एक ढेकूळ अखंड काढून ठेवा. किती हातांवर मिळाले ते चिठ्ठीवर लिहा आणि जवळच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींना नेऊन दाखवा.